चार ऑगस्टचे फटाके

दोस्तांनो, ४ ऑगस्ट ही तारीख डोक्यात ठोकून ठेवा.

४ ऑगस्ट १९७८. नांदेड जिल्ह्यातलं टेंभुर्णी. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात होऊन आठवडा झाला होता. पोचिराम कांबळेला जिवंत जाळलं.

४ ऑगस्ट २०२१. हरिद्वारजवळचं रोशनाबाद. टोकियो ऑलिंपिकात आपल्या पोरी हॉकीचा उपांत्य सामना अर्जेंटिनाकडून २-१ नं हरल्या. इकडं वंदना कटारियाच्या घरापुढं सवर्ण पोरांनी फटाके वाजवले, नाचले, जातीवरून शिव्या घातल्या. म्हणे, संघात दलित लई झालेत म्हणून हरलो. घरच्यांनी फिर्याद दिली तेव्हा अटक झाली.

देश हरला आणि यांनी दिवाळी केली! आम्हाला देशभक्ती शिकवणाऱ्यांनी याचा हिशेब द्यावा.

याच पोरीनं चार दिवस आधी, ३१ जुलैला, दक्षिण आफ्रिकेवर तीन गोल मारले होते. ऑलिंपिकात हॉकीची हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय बाई. त्याच वर्षी बाप वारला, सराव शिबिरातून तिला मातीलाही जाता आलं नव्हतं. फटाक्यांनंतर दोन दिवसांनी, ब्राँझच्या सामन्यात, ब्रिटनवर तिनं परत गोल मारला. शिवीला याहून नेमकं उत्तर मी कुठं वाचलं नाही, आणि कविता मीही लिहितो. एप्रिल २०२५ मध्ये ती निवृत्त झाली तेव्हा खात्यावर ३२० आंतरराष्ट्रीय सामने होते. भारताची दुसरी कुठलीच बाई तोवर इतके खेळली नव्हती.

आता सांगा, आपल्या किती घरांत तिचा फोटो आहे?

आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात, खेळ ही भरल्या पोटाची चैन. आधी नोकरी, आधी जमीन. कबूल. पण मैदान हीसुद्धा जमीनच आहे, बाबांनो, आणि तिच्यावरही सातबारा त्यांचाच. पालवणकर बाळू हा चांभार समाजातला माणूस पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी राखायचा. पुढं हिंदूंच्या संघात आला. त्याच्या हातचा चेंडू चालायचा, चहा मात्र बाहेर, मातीच्या कपात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, तरी कप्तानी नाही ती नाहीच. ती मिळाली धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साली, भांडून. १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला आणि पडला. तो हिशेब वेगळा. त्यापायी मातीचा कप विसरायचा का?

ज्यांच्यावरून १९७२ साली पँथर हे नाव घेतलं त्या काळ्यांकडं बघा. बर्फावरची हॉकी म्हणजे गोऱ्यांचा खेळ, असं जग मानतं. पण कॅनडात हॅलिफॅक्सच्या काळ्या चर्चमधल्या पोरांनी १८९५ पासून स्वतःची लीग चालवली. गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये पहिला काळा उतरला विली ओ'री, १८ जानेवारी १९५८ ला, तोही उजव्या डोळ्यानं आंधळा. दुसरा यायला १९७४ उजाडलं. २०१८ ला काळ्या बायांनी ब्लॅक गर्ल हॉकी क्लब काढला. गोऱ्या गर्दीत एकटीनं अंग चोरून बसण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून सामन्याला जायचं, एवढंच सूत्र. गोदीत हे कुणी शिकवावं लागत नाही. ओझं टोळी उचलते.

नांदेडला हॉकी परकी नाही. गुरु गोविंदसिंघजींच्या नावाची अखिल भारतीय गोल्ड-सिल्व्हर कप स्पर्धा इथंच भरते, लांबलांबचे संघ येतात. आपण टोळीनं जाऊन बसू. निळा झेंडा घेऊन, पोरीबाळींना घेऊन. लातूरला क्लाससाठी खोल्या करून राहिलेल्या पोरांनी रविवारची एक सकाळ मैदानाला द्यावी, स्टिका वर्गणीतून आणाव्यात. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचे दोन तास कमी करा, स्टिका येतात.

आणि आनंदाला हलकं समजू नका. नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत १ जून २०२३ ला आपला एक तरुण पोरगा मारला गेला. गावात भीमजयंती साजरी केली हा राग, असं फिर्यादीत आहे. आपलं रडणं त्यांना चालतं. आपलं नाचणं खुपतं.

म्हणून येत्या ४ ऑगस्टला नांदेडला आणि लातूरला पोरींचे सामने भरवा. एका संघाला पोचिरामचं नाव द्या, एका संघाला वंदनाचं. फटाके आपण आणू. गोल झाला की वाजवू.