रागाचे नाव फाइलच्या नावात नको

आमच्या ‘देवघेव’ सदरासाठी येणाऱ्या ध्वनिमुद्रणांच्या याद्या हल्ली कागदावर येत नाहीत, पेन ड्राइव्हवर येतात. त्या उघडल्या की पहिल्याच फोल्डरात भेटतात ती नावे अशी: ‘भीमसेन यमन फायनल नवीन’, ‘ट्रॅक ०१’, ‘कुमारजी सुंदर’, आणि ‘एयूडी’ने सुरू होऊन पुढे आठ आकडी तारीख असलेल्या असंख्य फाइली. सर्वांत मोठा घोळ या शेवटच्या प्रकाराने घातला आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून ऑडिओ म्हणून पाठवलेल्या गाण्याचे मूळ नाव गळून पडते आणि त्या जागी ते फोनवर आले त्या दिवसाची तारीख चिकटते. आणखी दोन हातांतून गेले की तीच तारीख मैफलीची म्हणून वहीत चढते. कुमार गंधर्व १९९२ साली गेले. त्यांच्या २०१९ सालच्या बैठका आमच्याकडे आलेल्या याद्यांत आहेत. गाणे पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, नाव शाबूत राहते.

पण खरा मुद्दा याहून खोल आहे, आणि त्यावर अनेक जुने संग्राहक आमच्याशी भांडणार याची कल्पना आहे. आमचे म्हणणे असे की रागाचे नाव फाइलच्या नावात घालूच नये.

ध्वनिमुद्रणाबद्दल आपल्याला दोन प्रकारची माहिती असते. एक, वस्तूवरून मिळणारी: ही कोणती कॅसेट, कोणती बाजू, कार्डावर कोणाच्या हस्ताक्षरात काय लिहिले आहे. दुसरी, आपण ऐकून ठरवलेली. राग या दुसऱ्या प्रकारात मोडतो. ‘चंद्रकंस’ एवढेच नाव घेऊ. बागेश्रीच्या अंगाने जाणारा, कोमल निषादाचा जुना चंद्रकंस वेगळा आणि मालकंसात शुद्ध निषाद घेऊन होणारा, आज सर्रास गायला जाणारा चंद्रकंस वेगळा. फाइलवर नुसते ‘चंद्रकंस’ असेल तर काहीच कळत नाही. आणि एखाद्याने ऐकून, आपल्या समजुतीप्रमाणे नाव बदलले, की कार्डावर मुळात काय होते हेही कळेनासे होते. जयपूर घराण्याच्या अनवट आणि जोड रागांचे तर बोलायलाच नको. तिथे दोन जाणकारांत तीन मते असतात आणि प्रत्येक मताची एक प्रत आपल्या हार्ड डिस्कवर वेगळ्या नावाने नांदत असते.

तबकडीवाल्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला होता. १९०२ साली फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात मुद्रण करत होता तेव्हा तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या माणसांना ओळख पटावी म्हणून गौहरजान आणि इतर कलावंत गाणे संपताच स्वतःचे नाव उच्चारत. त्याहून भरवशाचा तो मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे प्रत्येक मुद्रणाला दिलेला स्वतंत्र क्रमांक. तबकडी पुन्हा निघाली की लेबल बदले, कॅटलॉग क्रमांक बदले, रागाच्या नावाचे स्पेलिंगही बदले. तबकडीत उमटलेला मॅट्रिक्स क्रमांक मात्र त्या मुद्रणाचाच राही. मायकेल किनियर यांच्यासारख्यांनी केलेल्या तबकड्यांच्या सूच्या उभ्या आहेत त्या या क्रमांकांवर. ७८च्या तबकड्यांसाठी फाइलच्या नावात हा क्रमांक आला की पुरे.

कॅसेट आणि स्पूलला असा जन्मजात क्रमांक नसतो, तो आपण द्यायचा. मग फाइलच्या नावात तारीख, मुख्य कलावंत, गाव, आपला वाहक-क्रमांक (त्या कॅसेटला किंवा स्पूलला आपण दिलेला) आणि बाजू, याच क्रमाने. तारखेत वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. म्हणजे फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. ठाऊक नसलेल्या आकड्याच्या जागी ‘एक्स’ लिहावा. साठीच्या दशकातले एवढेच माहीत असेल तर १, ९, ६ आणि एक्स. अंदाजाने १९६५ ठोकून देऊ नये.

नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते आणि विलंबित ख्याल मध्येच तुटतो. तो सांधण्याचा मोह होणारच. जरूर सांधा, पण ऐकण्याच्या प्रतीत. मूळ उतरवणी जशी उतरली तशी, बाजूगणिक, चोवीस बिटांत आणि जमल्यास ९६ किलोहर्ट्झने ठेवावी, आणि तिला हात लावू नये.

मग यमन शोधायचा कसा? टॅगमधून. इथेही इतिहास आपल्या विरुद्ध आहे. एमपी३ फाइलींसाठीच्या १९९६ सालच्या पहिल्या आयडी३ टॅगमध्ये शीर्षकाला तीस अक्षरे आणि कलावंताला तीस, ती जागा आखली गेली पाश्चात्त्य पॉपच्या अल्बमसाठी. नाट्यपदे त्यात बरी बसतात: नाटक हा अल्बम, पद हे शीर्षक. ख्याल बसत नाही. फ्लॅक प्रकारच्या ऑडिओ फाइलींच्या टॅगमध्ये मात्र आपल्याला हव्या त्या नावाचा रकाना उघडता येतो, आणि तोच रकाना दोनदा भरता येतो. कार्डावरचा राग एका ओळीत, तुमच्या कानाचा राग दुसऱ्या ओळीत. वाद मिटवायची गरज नाही, दोन्ही मते नांदू द्या. ताल, बंदिशीचा मुखडा आणि विशेष करून साथीदार यांचेही रकाने उघडावेत. थिरकवाँनी तबल्यावर कोणाकोणाला साथ केली, पुलं कोणाच्या साथीला पेटीवर बसले, हे आज कोणाच्याही संग्रहात शोधून सापडत नाही, कारण गायकापलीकडे कोणी लिहीतच नाही.

टॅग देवनागरीत लिहावेत, फाइलचे नाव रोमनमध्ये. हे अनेकांना रुचणार नाही. आम्हालाही फारसे रुचत नाही. पण घरगुती सर्व्हर बहुधा लिनक्सवर चालतात, तिथे नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट खाते. काना-मात्राही त्यात मोजले जातात. त्यात आपला अर्धा ‘र’. ‘कऱ्हाड’ हा शब्द वेगवेगळ्या कळफलकांवरून तीन तऱ्हांनी साठवला जाऊ शकतो, पडद्यावर तिन्ही अगदी सारखे दिसतात आणि शोधताना काही सॉफ्टवेअरना त्यांतला एकच सापडतो. टॅगमध्येही ही अडचण आहेच, पण तिथे निदान फाइल हरवत नाही.

पुढील अंकापासून ‘देवघेव’मध्ये याद्या याच पद्धतीने छापू. जुन्या याद्या नव्याने करण्याचा आग्रह नाही. मात्र कॅसेटच्या कार्डाचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र, त्याच फाइलच्या नावाने, यादीसोबत पाठवावे. कार्डावर फक्त ‘काकांकडून’ एवढेच लिहिलेले असेल तरीही.