बँकेचं पत्र कुणाच्या हातात?
आमच्या इमारतीतली आर्टिकलशिप करणारी मुलगी या आठवड्यात वैतागली होती: सीए व्हायचं, आणि काम काय, तर बँकांना शिल्लक विचारणारी पत्रं पाठवायची! मला तर तेच काम सगळ्यात मोलाचं वाटतं. ७ जानेवारी २००९ रोजी ‘सत्यम’ या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबूल केलं, की ताळेबंदातल्या रोख आणि बँक शिल्लकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. एवढा प्रचंड आकडा, आणि तो पडताळायचा मार्ग किती साधा: लेखापरीक्षकानं बँकेला स्वतः पत्र धाडायचं, उत्तरही थेट त्याच्याच हाती यायचं. कंपनीचा अकाउंटंट ‘मी आणून देतो, तुम्ही चहा घ्या’ म्हणाला, तर चहा जरूर घ्यावा, कागद घेऊ नये. पण अनेक फर्ममध्ये शाबासकी मिळते ती फाइल लवकर बंद करणाऱ्याला. तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारणारा आर्टिकल अडेलतट्टू ठरतो. हे चूक आहे, आणि त्याचा दोष पोरांचा नाही. पोरं सचोटी साहेबाच्या चेहऱ्यावरून शिकतात: आक्षेप काढला की साहेब खुर्ची पुढे ओढून ऐकतात, की घड्याळ बघतात? फर्म निवडताना स्टायपेंडच्या आधी हेच विचारून घ्यावं, तेही तिथल्या जुन्या आर्टिकल्सना गाठून.