तंगमर्गच्या पुढचे तेरा किलोमीटर

श्रीनगर ते गुलमर्ग अंतर जेमतेम ५० किलोमीटर, पण चिल्लई कलानमध्ये, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या कडक थंडीत, खरा प्रवास सुरू होतो तो तंगमर्गला. तिथून वरचा घाट १३ किलोमीटरचा, देवदारांमधून वळणं घेत जाणारा. बर्फ दाट असेल तर साखळ्या लावल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत. आमचा चालक अंगातला पायघोळ फेरन सावरत बर्फात आडवा झाला आणि उघड्या बोटांनी त्याने चाकांवर साखळ्या आवळल्या. साखळीच्या कड्या बर्फात रुततात, म्हणून चाक पकड घेतं. तरीही उतारावर तो ब्रेकला जवळजवळ शिवत नव्हता, पहिल्या गिअरमध्येच गाडी आवरत होता. चाकं जाम झाली की गाडी थेट घसरते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. वर अफरवट शिखराच्या उतारांवर स्कीइंग करायला जग येतं, गोंडोला रोपवे जवळपास ४,००० मीटर उंचीपर्यंत नेतो, आणि ते सारं सुंदरच आहे. पण याच डोंगरात फेब्रुवारी २०१० मध्ये हिमस्खलनाने लष्कराचे १७ जवान नेले, बर्फात वावरण्याचं शिक्षण घेणारे जवान. म्हणून पुण्या-मुंबईहून निघणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं: परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा, आणि चालक ‘आज नको’ म्हणाला तर त्याला जादा पैसे देऊन वर चढवू नका.