डिमसमच्या टेबलावर माझी जात

समोरच्या म्हाताऱ्या माणसाने चहाची किटली उचलली, आपल्या वाटीत गरम चहा ओतला, त्यात कप आणि चॉपस्टिक्स फिरवल्या आणि तो चहा एका मोठ्या भांड्यात ओतून टाकला. मी नुकताच त्याच्या टेबलावर बसलो होतो. माझ्या पोटात गोळा आला. हाँगकाँगमध्ये, जिथे माझ्या आडनावावरून कुणाला काहीच कळत नाही, तिथे मला वाटलं की हा माणूस माझ्यामुळे भांडी विसळतोय.

अर्ध्या मिनिटात कळलं की आजूबाजूच्या टेबलांवरही तेच चाललंय. जेवणाआधी आपली भांडी आपणच चहाने विसळायची, ही तिथली जुनी सवय आहे. पण ते अर्धं मिनिट अजून माझा पिच्छा सोडत नाही. गावच्या हॉटेलात माझ्या आजोबांचा कप बाहेर कोनाड्यात ठेवलेला असायचा. चहा प्यायचा, कप स्वतः विसळायचा, परत कोनाड्यात ठेवायचा. मी तो कप कधी पाहिला नाही, फक्त ऐकलाय. ऐकलेला कपही अंगात इतका मुरतो, हे मला तिथे, दोन पदव्या आणि एक पासपोर्ट खिशात असताना कळलं.

ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी गेलेले आम्ही चौघे. शाम शुई पो या कामगारांच्या जुन्या वस्तीत टिम हो वान नावाचं डिमसमचं दुकान आहे, तिथे जायचं ठरलं. 2009 मध्ये मोंगकॉक भागात छोट्याशा जागेत सुरू झालेलं हे दुकान मिशेलिनचा तारा मिळाल्यावर जगभर गाजलं. बाहेर कायम रांग. डिमसम म्हणजे आपल्याकडे मॉलमध्ये मिळणारे महागडे मोमो, असा माझाही समज होता. खरं तर ही कँटनी लोकांची चहासोबत थोडंथोडं खाण्याची रीत. ते तिला 'याम चा' म्हणतात, म्हणजे नुसतं 'चहा पिणे'. कागदावर पेन्सिलीने खुणा करायच्या आणि बांबूच्या छोट्या टोपल्या येत राहतात. चॉपस्टिक्स मला धड धरता येत नव्हत्या. शेजारच्या बाईने न बोलता चमचा पुढे सरकवला. विषय संपला.

जागा कमी, म्हणून अनोळखी माणसांना एकाच टेबलावर बसवतात. आम्हालाही दोन-दोन करून बसवलं. आमचे साहेब शाकाहारी. त्यांनी दुसऱ्या टेबलावरून वेटरला विचारलं, भाज्यांची टोपली वेगळ्या भांड्यात वाफवता का? वेटरला प्रश्नच कळला नाही. साहेबांनी तीनदा विचारला. मग ते टेबल वेगळं मिळेल का, तेही विचारून झालं.

ही मागणी काही मला नवी नव्हती. 2023 मध्ये आयआयटी मुंबईच्या वसतिगृहांच्या मेसमध्ये काही टेबलं शाकाहारी विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवली गेली आणि त्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला 10,000 रुपये दंड झाला. कुणी काय खावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, हे मलाही मान्य आहे. पण दुसऱ्याच्या ताटाजवळ बसल्याने माझं ताट बाटतं, हे आवडीनिवडीचं बोलणं नव्हे. ते कुठून येतं, आपल्याला ठाऊक आहे.

माझ्यासोबतचा सहकारी मांसाहारी, पण बोनलेसवाला. यादीत कोंबडीच्या पंजांचं चित्र पाहून तो म्हणाला, "शी! हे कोण खातं?" मी गप्प. पंजे आम्ही खातो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चिकनवाला पंजे वेगळे काढून ठेवायचा, माय पिशवीभर घेऊन यायची. जाळावर धरून पिवळी कातडी सोलायची, नखं तोडायची आणि येसर घालून पातळ रस्सा करायची. कॉलेजच्या होस्टेलवर रविवारी घरी काय होतं असं कुणी विचारलं, की मी सांगायचो, पनीर. आमच्या घरात पनीर पहिल्यांदा आलं ते माझ्या पगारातून. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हाती लागलं तेव्हा आमच्यासारख्या घरांतलं जेवण छापील पानावर दिसलं. तरी माझं पनीर सुरूच होतं.

सहकाऱ्याने मोबाइल काढला. तिथे पंजांना 'फिनिक्सचे पाय' म्हणतात, हे त्याने वाचलं. आधी तळतात, मग भिजवतात, मग काळ्या आंबवलेल्या सोयाबीनच्या रश्शात वाफवतात, म्हणून कातडी अशी फुगून मऊ होते, हेही वाचलं. त्याने लगेच मागवले, फोटो काढला, एक चाखला आणि म्हणाला, "भारी आहे रे!"

हाँगकाँगात मान मिळाला म्हणून आपलं अन्न थोर ठरलं, असं आता कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. उद्या तोच सहकारी पुण्याच्या एखाद्या हॉटेलात पंजे खाईल आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला की नाकाला रुमाल लावेल. शेजारच्या टेबलावर आलं घातलेली गाय-बैलाची वजडी होती. तीही तिथलं साधं खाणं. महाराष्ट्रात 2015 पासून बैल कापायलाही बंदी आहे.

आणि हाँगकाँग म्हणजे काही समतेचं गाव नव्हे. दर रविवारी हजारो फिलिपिनो आणि इंडोनेशियन घरकामगार बाया पुठ्ठे अंथरून फुटपाथवर बसलेल्या मी पाहिल्या.

सोबत जेवल्याने जात जात नाही, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच सांगून ठेवलंय. त्यांचा भर आंतरजातीय विवाहावर होता. पण केरळात चेराईला 1917 मध्ये सहोदरन अय्यप्पन यांनी पुलयांसोबत पंगत बसवली, तेव्हा त्यांच्याच जातीच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला आणि 'पुलयन अय्यप्पन' म्हणून हिणवलं. एका जेवणाला समाज एवढा घाबरतो, तर ते जेवण अगदीच फुकट जात नसावं.

मी पंजे खात होतो. हाडं तोंडातच सुटी करून, एकेक बाहेर काढत. सहकारी बघत राहिला. "तुला एवढं सफाईने कसं जमतं?"

पनीर म्हणायला तोंड उघडलं होतं. म्हणालो, "आमच्या घरी दर रविवारी असायचे. माय करायची."

तो "अच्छा" म्हणाला आणि मोबाइल बघू लागला. पुढच्या टोपलीपर्यंत आम्ही बोललो नाही. म्हाताऱ्याने आपला पेपर घडी करून आमच्या टोपलीला जागा करून दिली.

रात्री मायला फोन केला, सगळं सांगितलं. पंजांना तिथे फिनिक्सचे पाय म्हणतात, हेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण नखं काढत्यात का तिथं?"

काढतात, म्हणालो.

"मग ठीक हाय."