संगणक-कट्टा : जुन्यातून नव्यात



विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा आम्हीही नवा संगणक घेतला. यूएसबी डिस्कवरून सगळ्या फाइली आणल्या. फोटो आले, हिशेब आले. पण बाबांनी १९९८ साली टाइप केलेल्या आठवणी उघडल्या, तर पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी!

फाइल बिघडली नव्हती. त्या काळचे बरेच मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरी आकार बसवत. आम्ही बाटली आणली, लेबल तिकडेच राहिलं! युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही.

तेव्हा जुन्या संगणकाच्या विंडोज फोल्डरमधल्या ‘फॉन्ट्स’मधून मराठी फॉन्ट आठवणीने घ्या. तिथेच अशा कागदांची पीडीएफ काढा. मग सवडीने युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि पीडीएफशी ताडून पाहा. जोडाक्षरं चुकण्याचा संभव असतो. बहुतेक प्रोग्राम नुसते कॉपी करून चालत नाहीत, नव्याने बसवावे लागतात. परवाना-क्रमांक आधीच लिहून ठेवा.

आणि जुना संगणक लगेच टाकू नका. आमचा बेसमेंटमध्ये होता, म्हणून बाबांचं लिखाण वाचलं. अडलं तर पुढच्या कार्यक्रमात आम्हाला जरूर गाठा.