इंग्रजीचा पहिला धडा : सदरा बदलून घेणें

आमच्या इकडे इंग्रजीचें शिक्षण बहुधा नामांच्या व क्रियापदांच्या याद्यांनीं सुरू होतें. दोनतीन वर्षें लोटल्यावर मुलगा काळ ओळखतो, कर्मणी प्रयोग करून दाखवितो, लहानसा निबंधही लिहितो. परंतु त्यास इंग्रजी बोलणाऱ्या दुकानदारापुढें उभें करून "हा सदरा आंखूड आहे, बदलून माग" असें सांगितलें कीं त्याची वाचाच बसते. ही गोष्ट पहिल्याच वर्षीं शिकवावी, असें आमचें मत आहे. मुलांस शाळेंत धाडतों तें विद्येसाठीं, बाजारासाठीं नव्हे, असें कित्येक पालक म्हणतील. त्यांनीं थोडें थांबावें.

शब्दांची अडचण मुळींच नाहीं. सी. के. ऑग्डेन यांनीं १९३० सालीं अवघ्या ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' रचिली, तींतही सदरा, माप, लहान, घट्ट, पैसा आणि अदलाबदल यांस शब्द आहेत.

अडचण आहे ती निराळीच. मराठींत आपला विनय क्रियापदाच्या पोटांत असतो. "एवढा बदलून द्या" म्हटलें कीं 'द्या' या रूपानेंच दुकानदाराचा मान राखला जातो. तेंच वाक्य मुलगा जसेंच्या तसें इंग्रजींत नेऊन "गिव्ह मी अनदर शर्ट" म्हणतो, तेव्हां तो मान वाटेंतच गळून पडतो, आणि घरीं नम्र असलेला मुलगा परक्या भाषेंत उद्धट ठरतो. त्यास "कुड आय एक्स्चेंज धिस, प्लीज?" असा प्रश्न करावयास शिकविलें पाहिजे, इंग्रजींत आज्ञेपेक्षां प्रश्नांत आर्जव अधिक. तसेंच "हा सदरा मला होत नाहीं" हें आपलें साधें वाक्य. त्याचें शब्दशः भाषांतर करूं जाल, तर सदऱ्याच्या बाबतींत कांहीं तरी घडावयाचें राहिलें आहे, असा अर्थ निघेल! तेथें 'फिट' हवें. अंगास बसला पण शोभला नाहीं, तर 'सूट'. 'फार लहान' यास 'व्हेरी स्मॉल' म्हणून भागत नाहीं. 'टू स्मॉल' म्हटलें म्हणजेच तो घालतां येत नाहीं, हें ऐकणारास कळतें. एका सदऱ्यांत व्याकरणाचा केवढा भाग आला, पाहा.

आतां बाजाराविषयीं. इंग्लंडांत आज अनेक मराठी कुटुंबें राहतात, आणि नव्यानें गेलेल्यास तेथें दुकानाची पायरी चढावीच लागते. तेथील २०१५ च्या ग्राहक-हक्क कायद्याप्रमाणें सदोष माल ३० दिवसांच्या आंत परत करून सारे पैसे मागतां येतात. परंतु दुकानांत पाहून घेतलेल्या कपड्याचा केवळ रंग नावडला, तर तो परत घेणें ही दुकानदाराची मर्जी. म्हणून शिवण उसवली आहे, कीं नुसतें मन बदललें आहे, हें नेमकें सांगतां आलें पाहिजे. "नॉट गुड" एवढेंच म्हणून घुटमळणाऱ्याचा खरा हक्कही मर्जीच्या खात्यांत जमा होतो. 'रिफंड' म्हणजे पैसे परत व 'एक्स्चेंज' म्हणजे दुसरी वस्तु, हा भेद ज्यास ठाऊक नाहीं तो पैसे मागावयास जातो आणि दुसरा सदरा घेऊन घरीं येतो. आपल्या देशांतही "विकलेला माल परत घेतला जाणार नाहीं" अशा पाट्या आढळतात. तथापि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें सदोष माल बिलांतील मुदतींत, आणि तशी मुदत नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्याचें नाकारणें ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. तेव्हां तें बिल वाचतां येणें हीही विद्याच.

मात्र हा धडा संवाद पाठ करवून शिकवूं नये. पाठ केलेल्या संवादांतला दुकानदार नेहमीं "सर्टनली" म्हणतो; खरा म्हणेलच असें नाहीं. वर्गांतलें मेज हेंच दुकान समजावें, पालकांनीं घरून एखादा शिवण उसवलेला सदरा धाडावा, आणि दुकानदार झालेल्या मुलास "नो" म्हणण्याची पूर्ण मोकळीक असावी. तो पावती मागेल. "तुम्हींच फाडला असेल" असेंही म्हणेल. मग समोरच्यानें आवाज न चढवितां, पण माघारही न घेतां, पुढचें वाक्य शोधावें. तें सांपडण्यास वेळ लागेल; शिक्षकांनीं तोंवर मध्यें पडूं नये.