आवाज ‘गॉड गिफ्ट’, मग तालीम कुणाची?

‘केल्टिक वुमन’ या आयरिश गटात कुणी म्युझिकल नाटकातून आली, कुणी कॉयरमधून, कुणी घरातल्या फिडलवरून. हे सगळे रस्ते एकाच स्टेजवर कसे येऊन मिळाले? आणि ज्यांच्या घरात वाद्यच नव्हतं, त्यांचं काय?

तुमच्या फीडमध्ये हा व्हिडिओ कधी ना कधी येऊन गेला असेल. निळसर प्रकाश, लांब गाऊन घातलेल्या चार-पाच मुली, मागे अख्खा ऑर्केस्ट्रा, आणि मध्येच एक जण फिडल वाजवत स्टेजभर गिरक्या घेतेय. आयर्लंडचा ‘केल्टिक वुमन’ हा गट. असं काही ऐकलं की आपली पहिली प्रतिक्रिया ठरलेली: काय आवाज आहे यार, गॉड गिफ्ट!

आता एक हिशेब करू. २०२२च्या जनगणनेनुसार आयर्लंडची लोकसंख्या साधारण साडेएकावन्न लाख. एकट्या मुंबईत २०११ सालीच याच्या दुपटीहून जास्त माणसं राहत होती. एवढ्याशा देशाला देवाने गळे जरा जास्तच वाटले, असं मानायचं का? की त्या गळ्यांमागे आणखी काही आहे?

हा प्रश्न आत्ता विचारायला एक निमित्तही आहे. ऑक्टोबर २०२५च्या बजेटमध्ये आयर्लंडच्या सरकारने कलाकारांना दर आठवड्याला ठरावीक रक्कम देणारी योजना प्रयोगापुरती न ठेवता पुढे चालू ठेवायचं जाहीर केलं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना सरकारने पैसे का द्यायचे? याचं उत्तर शोधायला ‘केल्टिक वुमन’मधल्या मुलींचे बायोडेटा बरेच उपयोगी पडतात.

एका रात्रीचा कार्यक्रम

या मुली कॉलेजच्या कट्ट्यावर भेटल्या आणि त्यांनी बँड काढला, असं काही झालेलं नाही. निर्मात्या शॅरन ब्राउन आणि संगीतकार डेव्हिड डाउन्स यांनी हा गट जमवला. डाउन्स ‘रिव्हरडान्स’ या गाजलेल्या नृत्य-संगीत शोचा संगीत दिग्दर्शक होता. त्यामुळे डब्लिनमध्ये कोण काय गातं, कुणाचा आवाज कुठल्या पट्टीत खुलतो, हे त्याला पाठ होतं. १५ सप्टेंबर २००४ला डब्लिनच्या ‘द हेलिक्स’ नाट्यगृहात कार्यक्रम झाला, त्याचं चित्रीकरण झालं. खरं तर बेत एकाच कार्यक्रमाचा होता.

मार्च २००५मध्ये हे चित्रीकरण अमेरिकेत ‘पीबीएस’ या सार्वजनिक वाहिनीवर लागलं आणि चित्र पालटलं. ही वाहिनी प्रेक्षकांच्या देणग्यांवर बरीच अवलंबून असते. देणगी गोळा करायच्या दिवसांत ती असे देखणे संगीत कार्यक्रम लावते. त्यात मार्च म्हणजे सेंट पॅट्रिक्स डेचा महिना आणि आपली मुळं आयर्लंडमध्ये आहेत असं सांगणारे अमेरिकन तीन कोटींच्या वर. पहिला अल्बम बिलबोर्डच्या वर्ल्ड म्युझिक यादीत वर्षाहून जास्त काळ पहिल्या नंबरवर राहिला. एका रात्रीचा कार्यक्रम कायमचा गट झाला.

पाच जणी, पाच रस्ते

त्या पहिल्या रात्री स्टेजवर असलेल्या पाच जणी कुठून आल्या होत्या, ते बघा.

क्लोई ॲग्न्यू सगळ्यात लहान, फक्त १५ वर्षांची. आई ॲडेल किंग ही ‘ट्विंक’ या नावाने आयर्लंडमध्ये घराघरात माहीत असलेली अभिनेत्री-गायिका, तर वडील डेव्हिड ॲग्न्यू आरटीई कॉन्सर्ट ऑर्केस्ट्रातले ओबोवादक. १९९८मध्ये कैरोत झालेल्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय गीत स्पर्धेत तिने सर्वोच्च बक्षीस मिळवलं, तेव्हा ती शाळकरी पोर होती.

लिसा केली म्युझिकल थिएटरमधून आलेली. ‘रिव्हरडान्स’मध्ये मुख्य गायिका म्हणून गायली. रोज रात्री तोच शो, तीच ऊर्जा, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा ही थिएटरची सवय तिच्याकडे होती.

मेव (ती नुसतं पहिलंच नाव लावते) ही ‘अनूना’ या कॉयरमधली. पियानो आणि हार्प दोन्ही वाजवणारी. तिचा आवाज शास्त्रीय वळणाचा, स्वच्छ, फार न थरथरणारा.

ऑर्ला फॅलनसुद्धा ‘अनूना’तूनच आली, पण हातात हार्प घेऊन. हार्प हे आयर्लंडचं राष्ट्रीय चिन्ह. त्यांच्या युरोच्या नाण्यांवर तुम्हाला तेच दिसेल. २०१९मध्ये आयरिश हार्पवादनाला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. 

आणि ती गिरक्या घेणारी फिडलवाली, मरेड नेस्बिट, टिपररी काउंटीतल्या लॉखमोरची. तिचे आई-वडील दोघंही संगीत शिक्षक. लहानपणी घरात पियानो, मग फिडल. पुढे मायकल फ्लॅटलीच्या ‘लॉर्ड ऑफ द डान्स’मध्ये वाजवताना तिला नाचणाऱ्यांबरोबर पळत वाजवायची सवय झाली. व्हिडिओत आपल्याला जो उत्स्फूर्त वाटतो, तो भाग तिने वर्षानुवर्षं रोज रात्री घोटलेला होता.

पुढे माणसं बदलत गेली, पण ‘कुठून आलीस?’ याची उत्तरं फार बदलली नाहीत. ॲलेक्स शार्प ‘ले मिझराब्ल’ या म्युझिकलमधून आली. सुझन मॅकफॅडनने आयटीव्हीच्या टॅलेंट शोमधून लंडनच्या वेस्ट एंडमध्ये ‘ग्रीस’ची नायिका मिळवली होती, आणि तिचा भाऊ ब्रायन पूर्वी ‘वेस्टलाइफ’मध्ये होता. एव्हा मॅकमहोन आयरिश भाषेतल्या पारंपरिक गाण्यात वाढलेली. अँट्रिमची टारा मॅकनील फिडल आणि हार्प दोन्ही वाजवणारी. मधल्या काळात न्यूझीलंडची हेली वेस्टेनरासुद्धा येऊन गायली.

सात मिनिटांची शाळा

या बायोडेटांमध्ये दोन नावं पुन्हा पुन्हा येतात: ‘अनूना’ आणि ‘रिव्हरडान्स’.

‘अनूना’ हा मायकल मॅकग्लिन या संगीतकाराने १९८७मध्ये डब्लिनमध्ये सुरू केलेला कॉयर. मध्ययुगीन आयरिश गाणी, जुनी लोकगीतं आणि नवी रचना एकत्र गाणारा. ‘रिव्हरडान्स’ची गोष्ट तर आणखी मजेची. युरोव्हिजन स्पर्धा जिंकणारा देश पुढच्या वर्षीचा यजमान होतो. आयर्लंड १९९२ आणि १९९३ असं लागोपाठ जिंकलं, त्यामुळे १९९४ची स्पर्धा डब्लिनला. मतमोजणी होईपर्यंत प्रेक्षकांना काहीतरी दाखवायचं म्हणून बिल व्हेलनने सात मिनिटांचा तुकडा रचला. ‘अनूना’ गायली, जीन बटलर आणि मायकल फ्लॅटली नाचले, आणि स्पर्धेपेक्षा मध्यंतरच जास्त गाजलं. पुढच्याच वर्षी त्याचा पूर्ण लांबीचा शो झाला आणि तो जगभर फिरला.

करिअरच्या भाषेत याचा अर्थ काय? एका छोट्या देशात अचानक शेकडो गायक, वादक आणि नर्तकांना पगार देणारी जागा तयार झाली. तिथे काम करता करता माणसं तयार झाली, एकमेकांना ओळखू लागली. दहा वर्षांनी डाउन्सला पाच जणी हव्या होत्या तेव्हा त्याला शोधाशोध करावी लागली नाही. टॅलेंट ‘सापडतं’ असं आपण म्हणतो, पण ते सापडायला आधी कुठेतरी साठलेलं असावं लागतं.

खरं आयरिश किती?

या गटावर टीकाही होते आणि ती समजून घ्यायला हवी. आयरिश भाषेत गायनाची एक जुनी पद्धत आहे, ‘शॅन-नोस’. शब्दशः अर्थ ‘जुनी रीत’. एकच गायक, साथीला वाद्य नाही, हातवारे नाहीत. सूर वळवत, प्रत्येक कडव्यात थोडा बदल करत कहाणी सांगायची. तिथे प्रकाशयोजना, गाऊन आणि मोठा ऑर्केस्ट्रा आणला की मूळ गाण्याचा खडबडीतपणा जातो, पर्यटकांना विकायचं गुळगुळीत आयर्लंड उरतं, असा आक्षेप आहे.

आक्षेपात दम आहे. पण दुसरी बाजूही बघा. २०२२च्या जनगणनेत साधारण पावणेएकोणीस लाख लोकांनी आयरिश बोलता येतं असं सांगितलं, पण शाळा-कॉलेजबाहेर ती रोज बोलणारे फक्त ७२ हजारांच्या आसपास. अशा भाषेतली गाणी जगभरातल्या मोठमोठ्या सभागृहांत गायली जातात, ‘डेस्टिनी’ अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळतं, याला काहीच किंमत नाही का? एव्हा मॅकमहोनसारखी ‘शॅन-नोस’वाली मुलगी या चकचकीत स्टेजवर उभी राहते तेव्हा ती दोन्हीकडचं काहीतरी घेऊन उभी असते. काहीतरी सोडूनही उभी असते. हा सौदा तिचा तिने ठरवायचा.

सौद्याची दुसरी अट जास्त कडक आहे. इथे नाव गटाचं चालतं. ऑर्ला २००९मध्ये बाहेर पडली, लिसा आणि क्लोई २०१३मध्ये. सुरुवातीपासून टिकलेली शेवटची मरेड २०१६मध्ये गेली, आणि गटाचे दौरे चालूच राहिले. पोस्टर तेच, चेहरे नवे. म्हणजे गाणाऱ्या मुलीसाठी ही नोकरी आहे. चांगली, पण सुटणारी. सुटल्यावर पुढे काय, हा प्रश्न तिचा एकटीचा असतो. लिसा केलीने अमेरिकेत जॉर्जियात गाण्याची शाळा काढली. प्रत्येकीला ते जमेलच असं नाही.

घरात वाद्य नसेल तर?

आता त्या पाच बायोडेटांकडे पुन्हा वळा. ओबोवादक बाप, संगीत शिक्षक आई-वडील, लहानपणापासून पियानो किंवा हार्प. ज्या मुलीकडे यातलं काहीच नाही ती या यादीत कशी येणार?

डब्लिनमध्येच याचं एक जुनं उदाहरण आहे. तिथे १८९७पासून ‘फेश क्योल’ ही मोठी संगीत स्पर्धा भरते. १९०३मध्ये जॉन मॅकॉर्मक या तरुणाने टेनर गटात सुवर्णपदक मिळवलं. पुढे तो इटलीत जाऊन शिकला आणि जगप्रसिद्ध झाला. १९०४मध्ये त्याच स्पर्धेत आणखी एक गोड गळ्याचा तरुण उतरला. ठरलेली गाणी छान झाली. मग त्याच्यापुढे न पाहिलेलं स्वरलेखन ठेवून ते वाचून गायला सांगितलं. ते त्याला येत नव्हतं. तो सरळ स्टेजवरून उतरून गेला आणि कांस्यपदकावर थांबला. त्याचं नाव जेम्स जॉइस. साहित्याचा फायदा झाला हे खरं, पण मुद्दा कळला ना? आवाज होता, तालीम कमी पडली.

आयर्लंडला ही दरी माहीत होती. शाळांमधल्या संगीत शिक्षणाची दैना सांगणारा ‘डेफ इअर्स?’ हा अहवाल तिथल्या आर्ट्स कौन्सिलने १९८५मध्येच काढला होता. परंपरेचं काम गावोगावच्या शाखांमधून ‘कोल्तस’ ही १९५१मध्ये स्थापन झालेली संस्था करत होती, पण ज्याला जमेल त्याने यावं असाच तो मामला. सरकारी पातळीवर मोठी हालचाल व्हायला २०१० उजाडलं. ‘यू टू’ बँडने ५० लाख युरो आणि ‘आयर्लंड फंड्स’ने २० लाख युरो दिले, त्यातून ‘म्युझिक जनरेशन’ हा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. देणगी संपली की दुकान बंद, असं होऊ नये म्हणून पुढचा खर्च सरकार आणि स्थानिक संस्थांनी उचलायचा हे आधीच ठरलं होतं.

हे झालं शिकण्याचं. शिकून झाल्यावर जगायचं कसं? त्यासाठी २०२२मध्ये ‘बेसिक इन्कम फॉर द आर्ट्स’चा प्रयोग सुरू झाला. २,००० कलाकारांना आठवड्याला ३२५ युरो, म्हणजे आपल्याकडचे तीस हजार रुपयांहून थोडे जास्त. काय निर्माण केलं याचा हिशेब मागायचा नाही. अर्ज नऊ हजारांच्या वर आले, निवड सोडतीने झाली. सरकारनेच करवून घेतलेल्या अभ्यासात खर्च केलेल्या प्रत्येक युरोमागे समाजाला १.३९ युरोचा परतावा मिळाल्याचं दिसलं. तेव्हा कुठे २०२५च्या बजेटमधला निर्णय झाला.

म्हणजे सगळं आलबेल आहे का? नाही. सोडतीत नंबर न लागलेल्या हजारो जणांचं भाडं चुकलेलं नाही, आणि डब्लिनमधली भाडी काय आहेत ते तिथे शिकायला गेलेल्या कुठल्याही मित्राला विचारा. पण एक गोष्ट या देशाने मान्य केलीय: गाणं ही कमाईची गोष्ट आहे तशी खर्चाचीही आहे, आणि तो खर्च एकट्या आई-बापांवर टाकला तर फक्त काही घरांतलेच आवाज ऐकू येतात.

तेव्हा पुढच्या वेळी एखादा आवाज ऐकून अंगावर काटा आला, तर कमेंट टाकायच्या आधी त्या गायिकेबद्दल तीन गोष्टी शोधून बघा. तिला पहिल्यांदा शिकवलं कुणी? त्या शिकवणीची फी भरली कुणी? आणि चुका करायला तिला पहिलं स्टेज दिलं कुणी? मग तुमच्याच वर्गातल्या त्या एकाकडे बघा, जो गॅदरिंगला भन्नाट गातो आणि एरवी कुठेच गात नाही. त्याच्यासाठीही हेच तीन प्रश्न विचारा.